यशोधराताईंची दोनशे चौदा नाणी

पंचनाम्यावरचं अक्षर माझं आहे. ‘तांब्याच्या जुन्या, झिजलेल्या चकत्या, नग २१४, किंमत शून्य.’ खाली माझी सही, तलाठ्याची सही आणि दोन पंचांचे अंगठे. १९९३ चा फेब्रुवारी होता. मी पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून नुकताच लागलो होतो, आणि पंचनामा म्हणजे कागद भरून मोकळं व्हायचं काम, एवढीच माझी समजूत होती.

पुणतांब्याच्या शिवारात एका चारीची, म्हणजे कालव्याच्या लहान फाट्याची, दुरुस्ती चालली होती. पाण्याचं आवर्तन संपलेलं, चारी कोरडी. लंकाबाई नावाच्या मजूरबाईची कुदळ एका गाडग्यावर बसली आणि गाडग्यातून काळ्या-हिरव्या चकत्यांचा ढीग मातीत सांडला. एकेक चकती शर्टाच्या बटणाएवढी. सोनं नाही, चांदी नाही, हे कळल्यावर मजूर पुन्हा कामाला लागले. जमिनीत सापडलेली जुनी वस्तू सरकारजमा करायची असते, म्हणून मी त्या पिशवीत भरल्या, लाखेनं पिशवी बंद केली आणि तहसिलीत पाठवून दिली. पंधरा दिवसांनी पिशवी जशीच्या तशी परत आली. सोबत चिठ्ठी: ‘वर्णन अपुरे. प्रत्येक नगाचे वर्णन व रेखाचित्र जोडावे.’

आमचे उपअभियंता गाडेकरसाहेब चिठ्ठी वाचून हसले. “दोनशे चौदा बटणांची चित्रं! द्या साळवेबाईंना. सवडीनं करतील.”

साळवेबाई म्हणजे यशोधराताई, आमच्या कार्यालयातल्या अनुरेखक. ट्रेसर म्हणायचे सगळे. इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढलेला नकाशा काचेच्या टेबलावर ठेवायचा, त्यावर ट्रेसिंग पेपर अंथरायचा आणि काळ्या शाईनं रेघ न् रेघ उतरवायची, हे त्यांचं काम. वय चौतीस-पस्तीस, अंगानं बारीक, बोलणं कमी. वडील सहादू साळवे कालव्यावर पाटकरी होते. देवळाली प्रवराच्या बाजूला त्यांनी सगळी उमर पाण्याच्या पाळ्या सोडण्यात घालवली. एकदा जीपच्या बॉनेटवर साहेबानं नकाशा पसरलेला त्यांनी पाहिला आणि विचारलं, “सायेब, ह्यो कोन काढतं?” साहेब म्हणाले, “ट्रेसर.” त्या दिवशी घरी येऊन त्यांनी बायकोला, चांगुणाबाईला सांगितलं, “आपली पोरगी ह्ये काढनार.” छप्पन साली दीक्षा घेतलेल्या माणसानं मुलीचं नाव यशोधरा ठेवलं होतं, आणि शिकवायचं म्हणजे शेवटपर्यंत शिकवायचं हेही तेव्हाच ठरवलं होतं. नगरला आयटीआयच्या आरेखक वर्गात ताई एकट्याच मुलगी होत्या. हे मला पुढे सहादूबाबांनीच सांगितलं. ताईंनी स्वतःबद्दल कधी काही सांगितलं नाही.

पिशवी टेबलावर आली त्या दिवशी ताईंनी पहिली चकती उचलली, नकाशाच्या बारीक आकड्यांसाठी ठेवलेलं भिंग डोळ्याला लावलं आणि चकती दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिली. मग म्हणाल्या, “प्रशांत सर, ही बटणं नाहीत. यावर माणसं उभी आहेत.”

मी पाहिलं. मला एक मळकट फुगवटा दिसला.

त्यांनी काम सुरू केलं ते त्यांच्या पद्धतीनं. डिव्हायडरनं व्यास मोजायचा, पाचपट मोठं वर्तुळ काढायचं आणि दिसेल तेवढंच आत उतरवायचं. नाण्याच्या दोन बाजू, दोन वर्तुळं. कोपऱ्यात अनुक्रमांक, तारीख आणि ‘रेखाटन: य. स. साळवे’. ही कोपऱ्यातली सही म्हणजे ट्रेसरची सवय असते. नकाशात चूक निघाली तर कुणाला धरायचं ते त्यावरून कळतं.

आधी कचेरीचं काम, मग नाणी. आठवड्याला तीन, फार तर चार. वीज गेली की टेबलाखालचा बल्ब विझायचा. मग त्या कागद खिडकीच्या काचेला लावून काढायच्या.

कार्यालयात ज्याचा त्याचा अंदाज होताच. एका नाण्याच्या कडेला इंग्रजी अक्षरं दिसली तेव्हा गाडेकरसाहेब म्हणाले, “झालं! कंपनी सरकारच्या पलटणीची बटणं. लिहून टाका.” दुसऱ्या एकावर घोडा दिसला. आमचा शिपाई काकासाहेब त्याच्या पाया पडला. “खंडोबा हाय हो. टाक असतील कुनाचे तरी.” मलाही ते पटलं. घोडा, त्यावर माणूस, हातात भाला, दुसरं कोण असणार?

ताईंनी त्या नाण्याचं चित्र आमच्यासमोर धरलं. “नीट बघा. भाला ज्याच्या हातात आहे तो जमिनीवर उभा आहे. घोडा गुडघ्यावर पडलाय. घोड्यावरचा माणूस मारत नाहीये, मरतोय. असा खंडोबा कुणी घडवला असता का?”

काकासाहेबानं कानाला हात लावला. खंडोबाचा विषय तिथंच संपला. बटणांचा मात्र संपला नाही, कारण अक्षरं खरोखरच इंग्रजी होती. निदान आम्हाला तशी वाटत होती.

मे महिन्यात एक वाईट गोष्ट घडली. आमचा चौकीदार बन्सी शेलार चांगला माणूस. ताई दोन दिवस देवळालीला गेल्या होत्या. बाईंचं काम हलकं करावं म्हणून टेबलावरची चार नाणी त्यानं उचलली, चिंचेच्या कोळात भिजवली आणि राखेनं घासली. ताई आल्या तेव्हा चारही चकत्या नव्या तांब्यासारख्या लखलखत होत्या.

“बगा बाई, कशी उजाळली!”

ताईंनी भिंग लावलं. एकेक करून चारही पाहिल्या. हिरवा थर गेला होता, आणि त्या थराबरोबर चेहरे, अक्षरं, सगळं गेलं होतं. त्या खुर्चीत बसल्या. रागावल्या नाहीत. डोळ्यांतून पाणी आलं तेवढं पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, “बन्सीभाऊ, यांच्यावर काय लिहिलं होतं ते आता कुणालाच कळणार नाही.”

बन्सीचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवसापासून पिशवी लोखंडी कपाटात गेली आणि किल्ली ताईंच्या गळ्यातल्या दोऱ्यात. ते चार नग त्यांनी चिंध्यांत वेगळे बांधून ठेवले. यादीत लिहिलं: ‘घासल्याने ठसा नष्ट.’ कुणी घासलं ते लिहिलं नाही.

जूनच्या अखेरीस साठेक नाणी काढून झाली. एकही अख्खं वाचता येत नव्हतं. कुठे तीन अक्षरं, कुठे दोन. पण एका जातीची नाणी पुन्हा पुन्हा येत होती: दोन माणसं समोरासमोर, हातांत भाले, मधे एक काठी आणि काठीच्या टोकाला चौकोनी निशाण. एक दिवस ताईंनी अशा सहा नाण्यांचे ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवले. मधली काठी सगळ्यांत सरळ उभी येईल असे ते फिरवले, टाचण्या मारल्या आणि खालचा बल्ब लावला.

मी शेजारच्या टेबलावर होतो. त्यांनी हाक मारली नाही, नुसतं टेबलावर बोट वाजवलं.

सहा कागदांतून उजेड येत होता. एका कागदावरची अक्षरं दुसऱ्या कागदाची फट भरत होती. अंतरं तंतोतंत जुळत नव्हती, एखादं अक्षर दुहेरी दिसत होतं, पण डावीकडून सुरू होऊन वर्तुळाच्या कडेनं एक ओळ उभी राहिली होती. ताईंनी ती स्टेन्सिलनं लिहून काढली. GLORIA EXERCITVS.

“शेवटचं स्पेलिंग चुकलंय,” मी म्हणालो. “व्ही कुठून आला?”

“सहाच्या सहा चुकणार नाहीत, सर. जे आहे ते आहे. आपल्याला वाचता येत नाही, एवढंच.”

त्या ओळ मोठ्यानं वाचत होत्या, “ग्लोरिया... ग्लोरिया...” दारात बन्सी उभा होता. चिंचेच्या प्रकरणानंतर तो टेबलाजवळ यायचाच नाही. तिथूनच म्हणाला, “बाई, ग्लोरिया तर आमी देवळात म्हनतो की.”

“कोणत्या देवळात?”

“आमच्या मिशनात. नाताळाला. ‘ग्लोरिया, ग्लोरिया’ आसं लांब सुरात. फादरला ठावं आसंल त्याचा अर्थ.”

पुढच्या रविवारी बन्सी ताईंना आणि मला घेऊन मिशनात गेला. प्रार्थना संपेपर्यंत आम्ही बाहेर लिंबाखाली बसलो. फादर वसईकडचे, साठीचे, मराठी अगदी घरचं. त्यांनी ट्रेसिंग पेपर उजेडाकडे धरला आणि चष्मा वर केला.

“ही इंग्रजी नाही, बाई. लॅटिन आहे. ग्लोरिया एक्झर्सिटुस. सैन्याचा गौरव. त्यांच्याकडे यू नव्हता, व्हीच दोन्ही कामं करायचा.”

“त्यांच्याकडे म्हणजे कुणाकडे?”

“रोमकडे. मी नाण्यांतला जाणकार नाही. पण असं कोरणारे रोमचे बादशहाच. पंधरा-सोळाशे वर्षं तरी झाली असतील.”

परतताना ताई एसटीत खिडकीशी बसल्या होत्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सर, ज्यानं हे गाडगं पुरलं त्यालाही ही अक्षरं वाचता येत नसतील. तरी जपून ठेवलं.”

फादरांनी लॅटिनचा एक जुना शब्दकोश वाचायला दिला होता. ताईंनी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. पडलेल्या घोड्याच्या नाण्यावर तशीच कागदावर कागद ठेवून FEL TEMP REPARATIO ही ओळ निघाली. अर्थ लागायला दोन आठवडे गेले, कारण शब्द तोडून लिहिलेले होते. पुन्हा फादरांकडे जाऊन आल्या. ‘सुखाचे दिवस परत आले.’ दुसऱ्या बाजूच्या चेहऱ्याभोवती बादशहाचं नाव, आणि चित्राच्या खालच्या रेघेखाली दोन-चार बारीक अक्षरं. ती टांकसाळीच्या गावाची खूण असते, हे त्यांना पुण्याच्या एका ग्रंथालयातून मागवलेल्या झेरॉक्स पानांवरून कळलं. अँटिऑक, अलेक्झांड्रिया, कॉन्स्टँटिनोपल. ही गावं त्यांनी कार्यालयातल्या जगाच्या नकाशावर शोधली आणि पेन्सिलीनं बारीक टिंबं दिली.

त्यांनी पुण्याच्या डॉ. निमकरांना पत्र लिहिलं. निमकर नाण्यांचे मोठे अभ्यासक. उत्तर पोस्टकार्डावर आलं. ‘अशी उत्तरकालीन रोमन ब्राँझची नाणी दक्षिणेत, तमिळनाडूत आणि श्रीलंकेत सापडतात. गोदावरीकाठी असा साठा सापडल्याचे मला ठाऊक नाही. शिवाय इतकी झिजलेली नाणी ओळखणे अवघड असते. आपला उत्साह स्तुत्य आहे.’

गाडेकरसाहेबांनी कार्ड वाचलं. “म्हणजे नाही म्हणतायत.”

“नाही म्हणत नाहीत, साहेब. ठाऊक नाही म्हणतायत,” ताई म्हणाल्या आणि कार्ड फाइलला लावलं.

चौऱ्याण्णवचा मार्च आला. मार्च म्हणजे आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. तहसिलीतून पिशवीची विचारणा झाली. गाडेकरसाहेब वैतागले. “साळवेबाई, एकतीस तारखेला पिशवी जाणार. जेवढं झालं तेवढं. कचेरीच्या वेळेत आता एक रेघ मारायची नाही.”

अजून सत्तर नाणी राहिली होती. ताईंनी दुसऱ्या दिवशी अर्ज दिला: बावीस दिवसांची अर्जित रजा. साहेबांना वाटलं, बाई रुसल्या. त्यांनी सही केली. आणि रजेच्या पहिल्याच दिवशी सकाळी दहाला यशोधराताई डबा घेऊन टेबलावर हजर.

“तुम्ही रजेवर आहात ना?” साहेब म्हणाले.

“रजेवरच आहे, साहेब. म्हणून तर कचेरीची वेळ मला लागू नाही. टेबल मोकळं असेल तेव्हाच घेईन. नाहीतर खिडकी आहेच.”

साहेब हसू दाबत केबिनमध्ये गेले. बावीस दिवस ताई रोज आल्या. त्यांच्या जागी आलेला माणूस टेबलावर असला की त्या खिडकीशी उभ्यानं काढायच्या. पाय सुजले तेव्हा बन्सीनं कुठून तरी उंच स्टूल आणून ठेवलं. एकोणतीस मार्चला दोनशे चौदाव्या नाण्याचं चित्र पूर्ण झालं. ताईंनी यादीची एक प्रत तहसिलीला, एक डॉ. निमकरांना पाठवली. रेखाचित्रांच्या प्रतींसह.

या वेळी पोस्टकार्ड आलं नाही. स्वतः निमकर आले, एप्रिलच्या उन्हात, लाल डब्यातून. तहसिलीच्या परवानगीनं नाणी पुन्हा टेबलावर मांडली गेली. उंच, पांढऱ्या केसांचा माणूस. तीन तास ते एकेक नाणं चित्राशी ताडून पाहत होते.

“एकशे एकोणचाळीस ओळखलीत तुम्ही,” ते शेवटी म्हणाले. “आणि माझ्या मते एकशे एकोणचाळीस बरोबर. चार घासलेली. पण एकाहत्तरांपुढे ‘ओळख पटली नाही’ असं लिहिलंय. का? हे सत्त्याऐंशी नंबरचं बघा. हे दोन सैनिकांचंच आहे.”

“सर, त्यात एकच सैनिक दिसतो.”

“अहो, दुसरा झिजला. आकार तोच, वजन तेच. लिहून टाका.”

ताईंनी भिंग लावून नाणं पुन्हा पाहिलं. उगाच नाही, चांगली दोन-तीन मिनिटं. मग भिंग खाली ठेवलं. “नाही, सर. दुसरा मला हवा आहे म्हणून दिसतो. तो तिथे नाही. नकाशात मी नसलेला नाला काढला तर चालेल का?”

निमकरांनी उघडलेलं पेन बंद केलं. म्हणाले, “माझ्या विद्यार्थ्यांना मी तीस वर्षं हेच सांगतोय. आणि आज मीच विसरलो.”

त्यांनी चहा घेतला. गाडगं सापडलं ती जागा पाहिली, तिथं कडेला पडलेली खापरं उचलून पाहिली. लंकाबाईला बोलावून खोली विचारली, मातीचा रंग विचारला. जाताना ताईंना म्हणाले, “दक्षिणेतून कुणी अलीकडे आणून टाकलं असेल, ही शंका होती मला. गाडग्याच्या खापरांवरून आणि या बाईच्या सांगण्यावरून ती आता राहिली नाही. मी लिहीन यावर.”

लेख पंच्याण्णवच्या पावसाळ्यात एका संशोधन-पत्रिकेत आला. सगळ्या चित्रांसकट, चौदा पानं. मी अंक घेऊन धावतच गेलो. ताईंनी पहिलं पान पाहिलं, शेवटचं पान पाहिलं, मग सगळी पानं एकेक उलटली. चित्रं त्यांचीच होती, पण प्रत्येकाचा कोपरा कापलेला होता. खाली एक ओळ: ‘रेखाटने: पाटबंधारे कार्यालयाच्या सौजन्याने.’

मी म्हणालो, “जाऊ द्या, ताई. आम्हा सगळ्यांना माहीत आहे.”

“तुम्हाला माहीत आहे, सर. छापलेलं तुमच्याबरोबर जात नाही. ते राहतं.” आवाज चढला नव्हता. “ओळखपण माझी आणि चित्रंपण माझी. कार्यालय भिंग घेऊन बसलं नव्हतं.”

त्यांनी संपादकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. उत्तर आलं, ‘बाब किरकोळ आहे.’ तेव्हा त्यांनी मूळ ट्रेसिंगची गुंडाळी पत्र्याच्या नळीत घातली आणि पुण्याची एसटी पकडली. मी सोबत गेलो, त्या नको म्हणत असताना.

संपादकांच्या टेबलावर त्यांनी दोनशे चौदा कागद एकेक करून मांडले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात नाव, तारीख. टेबल पुरेना तेव्हा खुर्च्यांवर, मग जमिनीवर. निमकरांना फोन गेला. ते रिक्षा करून आले आणि दारातच थांबले. छापलेला अंक त्यांनी नीट पाहिलाच नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

“मी दिलेल्या मजकुरात यांचं नाव होतं. तरी चूक माझीच,” ते म्हणाले. “मुद्रितं मी वाचायला हवी होती.”

संपादक म्हणाले, पुढच्या अंकात खुलासा देऊ.

“पुढचा अंक वेगळा माणूस वाचेल,” ताई म्हणाल्या. “याच अंकाच्या शिल्लक प्रती किती आहेत?”

“असतील दीड-दोनशे. पण शुद्धिपत्र छापलं तरी चिकटवायला आमच्याकडे माणूस नाही.”

“मी आहे की.”

शेजारच्या छापखान्यातून दुपारपर्यंत चिठोऱ्या आल्या: ‘नाण्यांची ओळख व रेखाटने: श्रीमती यशोधरा सहादू साळवे.’ ताईंनी डिंकाची बाटली घेतली, पट्टीनं जागा मोजली आणि एकशे बासष्ट अंकांत एकशे बासष्ट चिठोऱ्या चिकटवल्या, सगळ्या एका रेषेत. निमकर शेजारी बसून अंक उघडून देत होते. मी वाळलेले अंक बाजूला रचत होतो.

एक अंक त्यांनी देवळालीला नेला. सहादूबाबांना वाचता येत होतं, हळूहळू, अक्षरावर बोट ठेवून. चिठोरीवरची ओळ त्यांनी तीन वेळा वाचली. चांगुणाबाईंनी विचारलं, “काय लिवलंय?” तर म्हणाले, “माजं बी नाव हाय त्यात,” आणि अंक छातीशी धरून ओट्यावर जाऊन बसले.

नाणी पुढे सरकारी संग्रहालयात गेली. ताई बढती मिळून आरेखक झाल्या. एकाहत्तर नाण्यांपैकी सहांची ओळख नंतरच्या तीन वर्षांत त्यांना पटली, दुसरीकडची छायाचित्रं पाहून. दर वेळी त्यांनी संग्रहालयाला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. सत्त्याऐंशी नंबर त्यात नव्हता.

अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात मदुरैकडच्या एका महाविद्यालयानं निमकरांमार्फत त्यांना बोलावलं. तिथे नदीत सापडलेली तीनशेवर नाणी कुणालाच वाचता येत नव्हती. ताई पुण्याच्या पुढे कधी गेलेल्या नव्हत्या. तमिळ येत नव्हतं, इंग्रजी बोलायची सवय नव्हती. मी म्हणालो, “ताई, एकट्या जाल?”

“नाण्यांना कुठे मराठी येतं, सर?”

महिनाभरानं त्या परत आल्या त्या तीनशे अकरा नाण्यांची चित्रं काढूनच. कार्यालयात शिरल्या, हजेरीपटावर सही केली आणि बन्सीनं पुसून ठेवलेल्या टेबलावर एका नव्या चारीचा नकाशा अंथरला.